सुट्टीचा आजचा दिवस, घरीच
या दिवाळीच्या सुट्टीत कुठंच गेलो नाही भो, कापूस घरात येऊन पडलाय, भाव बघून विकायची इच्छा होईना, मग गोवा कॅन्सल. पोरं दोन दिवस मोबाईलला चिकटलेली, शेवटी आज सकाळी दोघांना गाडीवर बसवलं आणि आधी जैन हिल्सला गांधीतीर्थ, म्हणजे गांधीजींवरचं संग्रहालय दाखवलं. २०१२ ला सुरू झालं ते, आणि आपण जळगावात राहून पहिल्यांदा आत गेलो, पाहुणे आले की बाहेरून हात दाखवायचो फक्त. लहान्याला चरखा लय आवडला, मोठीला एसी 😄

तिथून सरळ मामांच्या मळ्यात, आसोद्याला. बहिणाबाईंचं माहेर हे, १८८० चा जन्म त्यांचा, एवढं सांगितलं तर मोठी म्हणे पप्पा त्यांची कविता पाठ आहे मला, आणि वांगी तोडता तोडता म्हणून पण दाखवली. मग कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजली, धूर सगळा माझ्याच डोळ्यात, हिरव्या मिरच्या भाजताना तर खोकून खोकून जीव गेला. बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, ठेचायला पोरांची मारामारी. वर कांद्याची पात, शेंगदाणे, तेलाची फोडणी, सोबत मामींच्या कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या. घरी वांग्याला नाक मुरडणारा लहाना तीनदा भरीत घेऊन बसला, पप्पा हे वेगळं वांगं आहे म्हणे!

येताना मेहरूण तलावावर थांबायचं होतं पण दोघं गाडीवरच पेंगायला लागले. कपड्यांना अजून धुराचा वास येतोय. उद्या पुन्हा जायचं म्हणतायत, मामींना अजून विचारलेलं नाही.