सीटखालचं ठिगळ

आज स्क्रूड्रायव्हर फ्लोअरमधून आरपार गेला. जोर लावलाच नव्हता. ड्रायव्हर सीटच्या पुढच्या बोल्टजवळ रंगाला फुगवटा दिसला, म्हणून टोचून बघितलं, तर पार मुठीपर्यंत आत. बाहेर ओढला तेव्हा भोकातून खालची जमीन दिसत होती. इतकी वर्षं तिथेच पाय टेकवून मी गाडी चालवली.

दुपारपासून दुसरं काही सुचत नाहीये. दादाला फोन केला तर त्याचं ठरलेलंच, भंगारात दे. विषय बदलला.

भोकाचं एवढं नाही. जुन्या गाडीचा पत्रा सडतोच. मनाला लागलंय ते ठिगळ. कार्पेट उचललं, खालचं पॅडिंग ओलं गच्च होतं, पिळलं असतं तर पाणी निघालं असतं. त्याखालची डांबरी शीट तासभर खरवडली आणि खाली अण्णांच्या हातचा पत्रा निघाला. वीतभर लांब, चार बोटं रुंद. कडेने बारा रिव्हेट, सगळे सारख्या अंतरावर. वरून रंगही दिलेला, तोसुद्धा गाडीचाच, जिथे तो कुणाच्या नजरेला पडणार नव्हता अशा जागी.

म्हणजे त्यांना माहीत होतं. चावी हातात देताना म्हणाले होते, गाडी ठणठणीत आहे, तेलपाणी बघत जा. बस्स, एवढंच. या गाडीला वेगळी चासी नाही, फ्लोअर हाच तिचा सांगाडा. सीट त्यालाच धरून, बेल्टही त्यालाच. शेजारच्या सीटवर कोण बसायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं का? जाऊ दे.

खूप राग आला, मग रडू आलं. एक शब्द बोलले असते तर काय बिघडलं असतं, हेच डोक्यात फिरत राहिलं.

ठिगळाखाली काय झालं ते तर स्वच्छ दिसत होतं. सडका भाग कापून न काढता त्याच्यावरच नवा पत्रा बसवला होता. दोन पत्र्यांमधली फट केसाएवढी, पण असल्या फटीत पाणी आपणहून ओढलं जातं आणि सुकायला मात्र जागा नसते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, त्यामुळे तो आतल्या आत फुगत गेला आणि त्याने एकेक रिव्हेट वर उचलला. खालच्या पत्र्याचे पापुद्रे हाताने निघत होते, जुन्या वहीची पानं सुटावीत तसे.

पण पाणी आलं कुठून? गंज खालून लागलेला नव्हता. खालच्या बाजूचं कोटिंग कितीतरी ठिकाणी अजून शाबूत आहे. म्हणून बॉनेटच्या मागे, काचेखाली जी खाच असते तिथे तांब्याने पाणी ओतलं आणि धावत आत येऊन बघितलं. पेडलच्या वरून, पत्र्याच्या जोडातून, बारीक धार उतरत होती. खाचेत हात घातला तर पानांचा चिखल. पाणी बाहेर जायच्या दोन्ही वाटा बुजलेल्या.

इथे मी मटकन खाली बसले. कारण दर रविवारी ही गाडी मीच धुते. पाइप लावून, काचेवर भरपूर पाणी सोडून. मायेने धुवायचे आणि ते पाणी दर रविवारी आत, ठिगळाखाली. कुबट वास येत होता, तो मला वर्षानुवर्षं येत होता. मी काचा खाली केल्या, सुगंधी डबी ठेवली, कार्पेट मात्र एकदाही उचललं नाही. अण्णा बोलले नाहीत हे खरं. पण गाडी सांगत होती आणि मी ऐकलं नाही, हेही तितकंच खरं.

यावर किती वेळ बसून राहायचं? संध्याकाळी उठले. रिव्हेट ड्रिलने उडवले आणि ठिगळ उलटं केलं. आतल्या बाजूला रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या रंगाचा, जाड हात, कानाकोपऱ्यात ब्रश फिरवलेला. त्यांच्याकडे वेल्डिंग मशीन नव्हतं. होतं तेवढ्यात त्यांनी काही बाकी ठेवलं नव्हतं. मग खणखणीत पत्रा लागेपर्यंत ग्राइंडरने कापत गेले. हातोडीने वाजवून बघायचं; बद्द आवाज आला की अजून बोटभर पुढे. भोक ठिगळाच्या तिप्पट झालं, पण आता त्याच्या कडा चकचकीत आहेत. पुठ्ठ्याचा साचा कापला आणि १ मिमीच्या पत्र्यावर आखला. कोपऱ्याशी आले आणि विचार न करता हाताने गोल काढला. टोकदार कोपऱ्यावर ताण एकवटतो आणि चीर तिथूनच निघते, म्हणून ठिगळाला टोक ठेवायचं नाही. हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. जुनं ठिगळ समोरच पडलं होतं. त्याचेही चारही कोपरे कानशीने घासून गोल केलेले. दुपारी ते दिसले होते, पण तेव्हा नुसता राग येत होता.

उद्या आधी बॅटरी सोडवायची. फ्लोअरखालून पेट्रोलचा पाइप जातो तो बाजूला घेतल्याशिवाय वेल्डिंग मशीन सुरू करायचं नाही. एकसलग ओढत नेलं तर एवढा पातळ पत्रा वेडावाकडा होईल, म्हणून सुटे टाके, एक इकडे, एक समोर, मधे थंड होऊ द्यायचं. मग प्रायमर, जोडांवर सीलर, शेवटी खालून कोटिंग. रबरी बुचं नवीन.

खाच साफ केल्यावर पुन्हा तांब्याभर पाणी ओतलं. पुढच्या चाकामागून भळाभळा जमिनीवर आलं. आत पेडलखाली हात फिरवला, कोरडं होतं.

दादाला कोपऱ्यांचं सांगायचं राहिलं.