बॅप्टिस्ट पाळकांचा जीवनपट कसा लिहावा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बॅप्टिस्ट या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे पाळक, म्हणजे पास्टर, वारले की घरच्यांपुढे लगेच दोन कामं उभी राहतात. दफनविधीच्या उपासनेत वाचायला जीवनपट लिहायचा आणि पेपरला बातमी द्यायची. हाताशी जेमतेम एक रात्र असते. मग कागदावर 'प्रेमळ, मनमिळाऊ, प्रार्थनाशील' एवढंच उतरतं. उभं आयुष्य मंडळीला, म्हणजे आपल्या चर्चच्या सभासदांना, दिलेल्या माणसाला हे फार अपुरं आहे.

आधी पेपरचं बघू, कारण तिथल्या चुका ठरलेल्या आहेत. गोव्यात ख्रिस्ती म्हणजे कॅथलिक असंच धरून चालतात. त्यामुळे पास्टरचे 'फादर' होतात आणि पुढच्याच ओळीत 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे' असं छापून येतं. म्हणून 'पाळक' असं स्वच्छ लिहा आणि मंडळीच्या नावातलं 'बॅप्टिस्ट' गाळू देऊ नका. मिस्सा हा कॅथलिकांचा शब्द वापरू नका, उपासना म्हणा. 'आत्म्यास शांती लाभो' ही ओळ सवयीने जोडली जाते. बॅप्टिस्ट मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत. 'प्रभूमध्ये विसावले' पुरेसं आहे.

जीवनपट ५०० शब्दांच्या पुढे नेऊ नका. सावकाश वाचला तर पाच मिनिटं लागतात, आणि पुढे संदेश, म्हणजे प्रवचन, व्हायचा असतो. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, पाळकदीक्षा आणि या मंडळीत आल्याची तारीख, एवढं आधी पक्कं करा. बाप्तिस्म्याची तारीख जन्माच्या वर्षात शोधू नका. बॅप्टिस्टांत तान्ह्या बाळाचं फक्त समर्पण होतं. बाप्तिस्मा माणूस स्वतः विश्वासाची साक्ष देऊन, पाण्यात पूर्ण बुडवून घेतो. तो कुठे झाला, नदीत की चर्चमधल्या हौदात, आणि कोणी दिला, हे जुन्या सभासदांना विचारा. लग्न गोव्यात झालं असेल तर तारखांची गल्लत हमखास होते. नोंदणी कार्यालयात दोनदा सह्या होतात आणि चर्चमधला विधी वेगळ्या दिवशी असतो. घरात ज्या दिवशी लग्नाचा वाढदिवस साजरा व्हायचा तीच तारीख घ्या.

एकाच मंडळीत पंचवीस-तीस वर्षं काढली असतील तर त्याचा अर्थ उलगडून सांगा, कारण दफनाला आलेले कॅथलिक आणि हिंदू शेजारी तो आपणहून लावणार नाहीत. कॅथलिक पाद्रींची नेमणूक आणि बदली बिशप करतात. बॅप्टिस्ट मंडळीवर बिशप नसतो. मंडळी स्वतः सभेत ठरवून पाळकाला पाचारण करते, आणि नको झाला तर तीच मोकळंही करते. इतकी वर्षं लोकांनी त्यांना ठेवून घेतलं, ही त्यांच्याबद्दलची सगळ्यात बोलकी गोष्ट आहे. सभेच्या इतिवृत्तात पाचारणाचा ठराव सापडला तर त्यातलं एक वाक्य तसंच वाचा.

त्यांचं बायबल जरूर उघडा. बरेच पाळक उताऱ्याशेजारी समासात पेन्सिलीने संदेशाची तारीख नि गाव लिहून ठेवतात. वास्को, फोंडा, सावर्डे अशी नावं आणि तारखा जुळवल्या की त्यांचा रविवारचा फेरा दिसायला लागतो. इथल्या पावसाळी दमट हवेने पानं चिकटलेली असतील तर ओढू नका, शाईसकट फाटतात. पुस्तक उभं, किंचित उघडं ठेवून पंख्याखाली सुकू द्या. एका रात्रीत सुटलं नाही तर तो भाग सोडून द्या.

घरच्यांचा भाग शेवटच्या ओळीत कोंबला जातो, हे मला अजिबात पटत नाही. विल्यम कॅरींचंच बघा. १८०५ साली मराठीचं व्याकरण छापणारे, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार काढणारे हे बॅप्टिस्ट पाळक. त्यांचं काम सगळे सांगतात. पत्नी डोरोथी मनाविरुद्ध भारतात आली, १७९४ मध्ये पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला, तिचं मन ढासळलं ते १८०७ मध्ये मरेपर्यंत सावरलं नाही, हे मात्र क्वचित सांगतात. तुमच्या पाळकांच्या सेवेचा भार घरात कोणी उचलला ते लिहा. पगार अपुरा असताना घर कशावर चाललं, रात्री-अपरात्री दार वाजलं की चहा कोण ठेवायचं, मुलांच्या शाळेची फी कशी भरली. त्यांच्या पत्नीची नोकरी असेल तर हुद्दा आणि वर्षं द्या. 'खंबीर साथ दिली' हे शब्द खोडून त्या जागी तिने काय केलं ते घाला.

आजारपण एका ओळीत आटपा. भावाबहिणींची आणि नातवंडांची नावं वयाच्या क्रमाने लिहा. एक नाव राहिलं तर वर्षानुवर्षं बोललं जातं. वाचायला मुलगा-मुलगी नको, गळा दाटतो. मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या सभासदाला द्या आणि दुसरी प्रत उपासना चालवणाऱ्या पाळकांकडे ठेवा. त्याआधी, रात्रीच, सगळा मजकूर वारलेल्या पाळकांच्या पत्नीला मोठ्याने वाचून दाखवा आणि ती म्हणेल ते बदला.