पिलर ड्रिल घ्यायचंय? आधी सगळ्यात कमी स्पीड विचारा

घरच्या वर्कशॉपसाठी पिलर ड्रिल, म्हणजे जमिनीवर उभं राहणारं, खांबावर बसवलेलं भोक पाडायचं मशीन, बघायला गेलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, किती एमएमपर्यंत भोक पाडतं? मशीनच्या प्लेटवर ते ठळक लिहिलेलंच असतं, १६, २०, २५. माझं ऐकाल तर तो आकडा थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आधी विचारा की बाबा, याचं सगळ्यात कमी स्पीड किती आहे?

कारण सांगतो. साधा एचएसएस (हाय स्पीड स्टीलचा) बिट माइल्ड स्टीलमध्ये, म्हणजे नेहमीच्या मऊ पोलादात, चालवताना त्याची बाहेरची कड मिनिटाला साधारण २५ मीटर वेगाने कापायला हवी. म्हणजे २५ ला १००० ने गुणायचं आणि ३.१४ गुणिले बिटचा एमएममधला व्यास, याने भागायचं, झाला आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे. ३ एमएमच्या बिटला हे जवळपास २६५० येतं, १२ ला ६६० च्या आसपास, २० ला ४०० आणि २५ ला फक्त ३२०. ६० एमएमचा होल सॉ (मोठं भोक पाडायची गोल करवत) लावलात तर १३० वर येतो. आता प्लेटवर २५ एमएम लिहिलेलं आणि सगळ्यात कमी स्पीड ५००-६०० असलेलं मशीन घरी आणलंत तर काय होतं, मोटर फिरते सगळं फिरतं, पण बिट किंचाळायला लागतो, कापण्याऐवजी घासतो, बाहेरचे कोपरे निळे पडतात आणि मग कितीही दाब दिला तरी पुढे जात नाही. लोक बिटला नावं ठेवतात, बिचारा बिट चांगला असतो. फक्त लाकूड आणि अॅल्युमिनियमचंच काम असेल तर एवढं अडत नाही, पण लाकडातसुद्धा मोठा फोर्सनर बिट (लाकडात सपाट तळाचं मोठं भोक पाडणारा) जास्त स्पीडला जळकट वास सोडतोच.

बेल्टवाल्या मशीनचं वरचं झाकण उघडून बघा. दोनच पुल्या असतील तर स्पीड मोजकी मिळतात, मध्ये तिसरी पुली असेल तर बरीच जास्त आणि खालपर्यंत जातात. बेल्ट बदलायला मिनिटभर लागतो म्हणून व्हीएफडी (मोटरचं स्पीड बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) लावायचा विचार बरेच जण करतात आणि तो वाईट नाहीच, पण त्याने स्पीड कमी केलं की मोटरची ताकदही त्याच प्रमाणात उतरते, पुलीने कमी केलं की उलट टॉर्क वाढतो. म्हणजे व्हीएफडी असला तरी मोठ्या भोकासाठी बेल्ट कमी स्पीडच्या पुल्यांवर घ्यावाच लागणार.

दुसरी गोष्ट म्हणजे मशीन किती घट्ट आहे, आणि हे कागदावर कुठेच कळत नाही, हात लावूनच कळतं. मशीन बंद ठेवा, हँडल फिरवून क्विल (बिटसकट खाली-वर होणारी नळी) पूर्ण खाली आणा, तशीच धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताने चक (बिट पकडणारा जबडा) धरून पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. अगदी बारीक हालचाल चालेल, पण कटकट असा ठोका जाणवला तर ते मशीन सोडून द्या, कारण बिट टेकताना तो तेवढाच सरकणार आणि पंच मारलेल्या जागेवरून भोक पळणार. मग डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक) असेल तर चकमध्ये एक सरळ, घासून अचूक केलेला ग्राउंड रॉड धरून हाताने स्पिंडल (क्विलमधला फिरणारा दांडा) फिरवा. रीडिंग ०.०५ एमएमच्या आत असेल तर घरच्या कामाला छानच. जास्त आलं तरी लगेच घाबरू नका, चक काढून स्पिंडलच्या आतल्या टेपरवर (निमुळत्या खोबणीवर) गेज लावा, तिथे सरळ असेल तर दोष चकचा आहे आणि चक बदलता येतो. टेपरच हलत असेल तर मात्र विषय संपला. (टेपर एमटी २, म्हणजे मोर्स टेपर नंबर २, असेल तर उत्तम, निमुळत्या दांड्याचे मोठे टेपर शँक बिट चकशिवाय थेट बसतात आणि तेवढी उंचीही वाचते.)

टेबलकडे लोक बघतच नाहीत. लॉक घट्ट करून पुढच्या कडेवर जोरात दाबा, टेबल डोळ्यांना दिसेल इतकं झुकत असेल तर मोठं भोक कधीच काटकोनात येणार नाही. टेबल बिडाचं (ओतीव लोखंडाचं), खाली आडव्या पट्ट्या असलेलं आणि आरपार स्लॉट असलेलं हवं, म्हणजे व्हाइस (जॉब, म्हणजे भोक पाडायची वस्तू, पकडणारा शिकंजा) बोल्टने बसवता येतो.

बेंच ड्रिल (टेबलावर ठेवायचं छोटं मशीन) की पिलर ड्रिल हा वाद मला फार मोठा वाटत नाही, जमिनीवरची जागा जवळपास तेवढीच लागते. पिलरचा खरा फायदा उंचीचा. १२ एमएमचा बिटच १५० एमएम लांब, त्यावर चक, खाली व्हाइस, त्यात जॉब, बेंच ड्रिलवर हे सगळं बसवताना जीव जातो. आणि यातच एक अडचण लपलेली आहे, कॉलम गोल असल्यामुळे लांब बिट लावायला टेबल खाली केलं की ते थोडं बाजूलाही फिरतं आणि आधी सेंटर ड्रिलने (सुरुवातीची खूण पाडणाऱ्या आखूड बिटने) धरलेलं सेंटर जातं. म्हणून क्विलचा स्ट्रोक जितका जास्त तितकं बरं, ५० एमएम फारच तोकडा, ८० च्या वर असेल तर बरीचशी कामं टेबल न हलवता होतात.

वजन सगळं वर असतं, त्यामुळे बेस जमिनीला अँकर बोल्टने पकडायचाच. स्विच असा हवा की वीज जाऊन परत आली तरी मशीन आपोआप सुरू होणार नाही. आणि पत्र्याचा जॉब कधीही हातात धरू नका, बिट खालून बाहेर पडताना पत्रा पकडतो आणि गरकन फिरवतो, क्लॅम्प लावा. हातमोजे तर घालायचेच नाहीत.

जुनं मशीन मिळत असेल तर जरूर बघा, टेबलावर भोकांचे खड्डे दिसले म्हणून नाक मुरडू नका, त्याने काम अडत नाही. वर सांगितलेली क्विलची तपासणी करा, बेअरिंगचा आवाज ऐका आणि मोटर थ्री फेज आहे का तेवढं विचारा. तशी असेल तर ती घरच्या सिंगल फेजवर थेट चालणार नाही, मोटर बदलायची किंवा व्हीएफडी लावायचा, बाकी जुनं जड बीड असेल तर मी तेच घेईन.