आमची वाटचाल : शॉककडं नको, रबराकडं बघ

आमचं मूळ काम पाट्यांचं, म्हणजे गाडीच्या लीफ स्प्रिंगांचं. कोल्हापूरजवळ शिरोलीला आप्पांचं दुकान, ट्रक-टेम्पोच्या बसलेल्या पाट्यांना पुन्हा कमान द्यायचं. मी हाताशी आलो तेव्हा जुन्या मारुती जिप्सी घेऊन पोरं यायला लागली होती. ‘दोन इंच उचलून द्या.’ कमान वाढवणं हातचा मळ. उंचीला पुरतील असे लांब शॉक (हिसके जिरवणारी तेलाची नळकांडी) लावले, पैसे घेतले, झालं.

पहिलीच गाडी महिन्याभरात आंबोलीहून परत. मागच्या एका शॉकचा खालचा डोळा, म्हणजे बोल्टची कडी, तुटलेला, दुसऱ्यातून तेल गळतंय. मी शॉक बनवणाऱ्याच्या नावानं शिव्या घालत बसलो. आप्पा गाडीखाली सरकले नि म्हणाले, “शॉककडं काय बघतोस, रबराकडं बघ की.”

चेसीला लावलेल्या बंपस्टॉपच्या, म्हणजे चाक फार वर आलं की अडवणाऱ्या, रबरावर कोळ्याचं जाळं होतं, अख्खं! हौसिंग (दोन चाकांना जोडणारा आडवा आस) तिथवर कधी पोचलंच नव्हतं. लांब शॉक मिटला तरी लांबच राहतो. गाडी खड्ड्यात दबली की रबर टेकायच्या आधी शॉकच तळाला आपटत होता.

मग आम्ही मापायला शिकलो. मुख्य पाटा ठेवून बाकीचे काढायचे, आणि हौसिंग जॅकनं वर घेत रबर पुरतं दाबायचं. दोन्ही बाजू एकदम, मग एकेक चाक तिरकं. त्या वेळी शॉकच्या दोन बोल्टमधलं अंतर टेपनं घ्यायचं. त्या जिप्सीत ते भरलं 335 मि.मी. आणि नवा शॉक पूर्ण मिटून 360. म्हणजे 25 तिथंच कमी, वर 12 तरी मोकळे हवेत. शॉक तिरका बसतो, त्यामुळं तो 37 नं कमी दबावा यासाठी हौसिंग त्याहून थोडं जास्तच आधी अडवावं लागतं. शेवटी लेथवरून 45 मि.मी.चा गुटका, म्हणजे ठोकळा, करून रबराखाली घातला.

नंतर भीतीपोटी एका गाडीला 70 चा घातला. मालक आठवड्यात दारात : “स्पीडब्रेकरला बैलगाडीसारखी आदळते.” खरंच होतं. चाकाला वर जायला जागाच ठेवली नव्हती. तो गुटका फुकटात बदलून दिला.

गाडी उचलून चाकं लोंबकळती ठेवून ब्रेकची नळी ताणत नाही ना, हेही बघतो. पण त्यात फारसं चुकत नाही. 2023 ला मारुतीची जिम्नी आली, तिची कॉइल (गोल वेटोळ्याची स्प्रिंग) काढली की हेच काम निम्म्या वेळात होतं.

आता शॉकचा दांडा उघडा असेल तर त्यावर एक झिप-टाय (प्लॅस्टिकची बांधायची पट्टी) ढकलली तरच सरकेल इतपत घट्ट बांधून गाडी सोडतो. शॉक दबेल तशी ती सरकते आणि तिथंच राहते. गिऱ्हाईक राइडवरून आलं की आप्पा अजूनही चहा सांगायच्या आधी खाली वाकून ती कुठवर सरकली ते बघतात.