कोकोपीटमधली ढोबळी आणि पिवळी पडणारी पानं

जुन्नर तालुक्यात पॉलिहाऊसमध्ये रंगीत ढोबळी मिरची करणारा माणूस हौसेने माती सोडत नाही. सलग काही हंगाम ढोबळी घेतली की मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी येतात आणि मर लागते. गाठी असलेलं झाड भर दुपारी मान टाकतं, संध्याकाळी पुन्हा सावरतं, आणि हे रोज चालतं. आमच्या १० गुंठ्यांत तेच झालं. मामा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "जमीन थकली." माती तपासणीत सूत्रकृमी निघाले. जमीन बदलता येत नव्हती, म्हणून बेडवर प्लास्टिक अंथरून त्यावर कोकोपीटचे, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशाचे, स्लॅब मांडले आणि जुलैमध्ये ओरोबेल जातीची रोपं लावली.

कोकोपीटचं काम सुरुवातीला फार सुखाचं वाटतं. तण नाही, खुरपणी नाही, पाणी मोजून. स्लॅब पाण्याने फुगवून एक रात्र तसेच ठेवले, मग खाली निचऱ्याच्या चिरा मारल्या. रोपं लगेच उभी राहिली. पण पहिला फुटवा पसरेपर्यंत पानं बोलायला लागली.

खालची आणि मधली पानं शिरांच्या मध्ये पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या, मधला भाग फिका. त्याच वेळी शेंड्याची कोवळी पानं वेडीवाकडी येऊ लागली, कडा आत ओढलेल्या, टोकाला करपल्यासारख्या. मामांचा जुना हिशोब सरळ आहे, पान पिवळं पडलं की युरिया. पण नत्र कमी पडलं तर जुनं पान शिरांसकट सगळं फिकं होतं. इथे शिरा हिरव्याच होत्या, त्यामुळे युरियाचं पोतं बाजूला राहिलं.

इथे एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण खताच्या दुकानात ती कोणी सांगत नाही. पान कोणत्या रंगाचं झालं याच्या आधी झाडाच्या कोणत्या मजल्यावरचं झालं ते बघायचं. नत्र, पालाश (पोटॅशियम), मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं झाडाच्या आत फिरतात. कमी पडली तर झाड ती जुन्या पानांतून काढून नव्याला देतं, म्हणून लक्षण खाली दिसतं. कॅल्शियम आणि लोह एकदा पानात बसलं की तिथून हलत नाही, म्हणून त्यांची कमतरता शेंड्याला दिसते. आमच्याकडे खाली मॅग्नेशियमची खूण होती आणि वर कॅल्शियमची. म्हणजे एकाच वेळी दोन, आणि दोन्ही आम्ही ड्रिपमधून रोज देत होतो.

देत होतो म्हणजे किती, तेही सांगते. १००० लिटर पाण्याला कॅल्शियम नायट्रेट ८०० ग्रॅम. त्यात कॅल्शियम १८.८ टक्के असतं, म्हणजे पाण्यात १५० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) होतं. ढोबळीला वाढीच्या काळात एवढं पुरायला हवं. मॅग्नेशियम सल्फेट ४०० ग्रॅम, त्यातून ३८ पीपीएम मॅग्नेशियम. दोन्ही वेगळ्या टाक्यांत, कारण घट्ट द्रावणात कॅल्शियम नायट्रेट आणि कुठलंही सल्फेट किंवा फॉस्फेट एकत्र आलं की पांढरा साका बसतो आणि ड्रिपर तुंबतात. सामू (पीएच) ६ च्या आसपास, ईसी, म्हणजे पाण्यातल्या एकूण क्षारांचं माप, १.८. कागदावर बोट ठेवायला जागा नव्हती.

दुकानदाराला पानाचा फोटो दाखवला तर तो म्हणाला, "वहिनी, ही मायक्रोन्यूट्रियंटची कमी. हे घेऊन जा, दोन फवारण्यांत काळोखी येईल." काळोखी हा आमच्याकडचा जादूचा शब्द आहे. पान गडद हिरवं दिसलं की शेतकरी खूश, आणि बहुतेक बाटल्या त्याच शब्दावर विकल्या जातात. मी बाटली घेतली नाही. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम ही सूक्ष्म अन्नद्रव्यं नव्हेतच, ती दुय्यम. सूक्ष्म द्रव्यांचं मिश्रण फवारून त्यांची भरपाई कशी होणार?

आमच्या बांधाला लागून काळ्या द्राक्षांची बाग आहे. त्या काकांना विचारलं. द्राक्षवाल्यांना पानावर विश्वास कमी आणि प्रयोगशाळेवर जास्त. ते दरवर्षी देठ परीक्षण करतात, म्हणजे पानाच्या देठात कोणतं अन्नद्रव्य किती आहे ते तपासून घेतात. काका म्हणाले, "पान बघून अंदाज कर, पण खत मात्र आकडा बघून टाक." त्यांनीच सुचवलं की देठाबरोबर स्लॅबमधून खाली गळणारं पाणीही तपास. तोवर मी निचऱ्याच्या पाण्याची फक्त ईसी आणि सामू बघत होते. ईसी जवळपास दिलेल्या पाण्याएवढीच येत होती, म्हणून सगळं ठीक आहे असंच कोणालाही वाटलं असतं.

तपासणीचा कागद आला तेव्हा गुंता सुटला. दिलेल्या पाण्यात कॅल्शियम १५० आणि खाली गळणाऱ्यात ७० च्या घरात. उलट पालाश आणि सोडियम दोन्ही दिल्यापेक्षा जास्त बाहेर पडत होतं. एकूण क्षारांची बेरीज तीच राहिली, म्हणून ईसीच्या पेनाला काही कळलं नाही. ते पेन क्षार मोजतं, कोणता क्षार आहे ते सांगत नाही.

याचं मूळ नारळाच्या सोडणात आहे. सोडणात पालाश आणि सोडियम मुळातच भरपूर असतं. त्यात समुद्राजवळची झाडं, आणि बऱ्याच ठिकाणी सोडणं खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात कुजवतात. कोकोपीटच्या कणांवर हे दोन्ही चिकटून बसलेले असतात. साध्या पाण्याने धुतलं की सुटे क्षार निघून जातात, ईसी खाली येते आणि विक्रेता 'वॉश्ड' म्हणून माल देतो. चिकटलेले मात्र तसेच राहतात. मग वरून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आलं की कोकोपीट ते स्वतःकडे धरतं आणि त्या बदल्यात पालाश, सोडियम सोडतं. सावकार आधी आपला हप्ता कापून घेतो आणि उरलेलं हातावर ठेवतो, तसं. वर सुटलेला पालाश मुळापाशी मॅग्नेशियमला आणखी अडवतो. झाडाला दोन्हीकडून मार.

हे टाळायचं तर लागवडीआधीच कोकोपीट कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात एक दिवस-रात्र भिजवून, मग साध्या पाण्याने धुवून काढायचं. याला बफर केलेलं कोकोपीट म्हणतात. आमच्या मालाच्या पावतीवर 'धुतलेलं आणि बफर केलेलं' असं लिहिलं होतं. धुतलेलं होतं, एवढंच खरं. पुरवठादाराला कागद पाठवला. त्याने पुढच्या मालात सूट देऊ म्हणून सांगितलं. उभ्या पिकाला त्या सूटीचा काय उपयोग?

उभ्या पिकात स्लॅब भिजत घालता येत नाही, म्हणून जे करायचं ते ड्रिपमधूनच. काही दिवस ०:०:५० हे पालाशचं खत पूर्ण बंद केलं आणि नत्र-पालाशचं १३:०:४५ निम्म्यावर आणलं, कारण पालाश कोकोपीटमधूनच सुटत होतं आणि झाडाला अजून फळं नव्हती. कॅल्शियम नायट्रेट १००० लिटरला १ किलो केलं, मॅग्नेशियम सल्फेट ५०० ग्रॅम. एरवी दिलेल्या पाण्याच्या २० ते ३० टक्के निचरा ठेवतो, तो ४० पर्यंत नेला, म्हणजे सुटलेला सोडियम स्लॅबमध्ये न राहता खाली जाईल. खालच्या पानांसाठी मॅग्नेशियम सल्फेट लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी फवारलं. ही फवारणी मलमपट्टी आहे, औषध नव्हे, पण तेवढ्या दिवसांत पान तगलं.

मामा रोज सकाळी आत जाऊन तीच पिवळी पानं बघायचे आणि म्हणायचे, काही फरक नाही. खरंच नव्हता. वेडंवाकडं झालेलं पान पुन्हा सरळ होत नाही, करपलेली कड हिरवी होत नाही. बघायचं ते नवं पान. मी काही झाडांच्या शेंड्याखाली लाल दोरा बांधला आणि त्याच्या वर येणारी पानंच मोजायची असं ठरवलं. पंधरवड्याच्या आत दोऱ्याच्या वरची पानं सपाट आणि रुंद यायला लागली. पुन्हा निचरा तपासला तेव्हा कॅल्शियम वर चढत होतं आणि सोडियम उतरलं होतं. मग पालाश हळूहळू पूर्ववत केलं, कारण तोवर फळधारणा सुरू झाली होती आणि रंगीत ढोबळीला जाडी आणि रंगासाठी पालाश लागतंच. पहिल्या तोड्यात काही फळांच्या टोकाला काळपट खोलगट डाग आले. तोही कॅल्शियमचाच हिशोब, फळ पानापेक्षा कमी पाणी उडवतं, म्हणून त्याच्या वाट्याला कॅल्शियम उशिरा येतं. ती फळं तोडून टाकली.

पुढे मार्चमध्ये पानं परत पिवळी पडली आणि मामांनी "पुन्हा तेच" म्हटलं. पण या वेळी वरचा मजला. शेंड्याची कोवळी पानं जवळजवळ लिंबाच्या रंगाची, त्यावर शिरांची बारीक हिरवी जाळी. आकार मात्र अगदी व्यवस्थित. म्हणजे लोह. तोपर्यंत आम्ही शेततळ्याचं पाणी वापरत होतो, ते पावसाचं आणि मऊ. तळं तळाला गेलं म्हणून बोअर सुरू केला होता. बोअरच्या पाण्यात सामू चढवणारं बायकार्बोनेट लिटरला ३६६ मिलिग्रॅम निघालं आणि निचऱ्याचा सामू ७.४ वर गेला होता. आमच्या मिश्रणातलं लोह ईडीटीए प्रकारचं होतं, ईडीटीए म्हणजे लोहाला पाण्यात विरघळलेलं धरून ठेवणारं रसायन. सामू साडेसहाच्या वर गेला की ते लोहाला धरून ठेवत नाही. लोह टाकीत होतं, झाडाला मिळत नव्हतं.

इथे उपाय लोहाचा नसून आम्लाचा आहे. पहिल्यांदा सगळे फॉस्फोरिक ॲसिड सुचवतात. हिशोब केला तर एवढं बायकार्बोनेट फॉस्फोरिकनेच उतरवायचं म्हटल्यावर स्फुरद (फॉस्फरस) गरजेच्या तीन-चारपट जातं, आणि जास्तीचं स्फुरद लोहालाच अडवतं. म्हणून बराचसा भाग नायट्रिक ॲसिडने उतरवला आणि त्यातून मिळणारं नत्र, सुमारे ७० पीपीएम, बाकीच्या खतांतून वजा केलं. हातमोजे, चष्मा, आणि नेहमी पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. हे काम मी गड्यावर सोपवत नाही. सामू ६ वर स्थिरावेपर्यंत ईडीडीएचए प्रकारचं लोह दिलं. ते चढ्या सामूतही टिकतं, पण महाग आहे, त्यामुळे कायमचं वापरायची गरज नाही. लोहाचा एक गुण चांगला, नवं पान लवकर हिरवं दिसतं आणि घरातले वाद मिटतात.

मे महिन्यात एका कोपऱ्यात पुन्हा वाकडी पानं दिसली, तेव्हा मला कॅल्शियमची शंका आली नाही. अन्नद्रव्याची कमतरता साधारण सगळ्या ओळींत सारखी पसरते. ही झाडं दाराजवळच्या दोन ओळींतच होती. पान खालच्या बाजूला वळलेलं, अरुंद, मागून तपकिरी चकाकी असलेलं. फुलकिडे असते तर पान वरच्या बाजूला होडीसारखं वळलं असतं. भिंगाखाली पानाच्या मागे कोळी सापडला, अगदी बारीक, नुसत्या डोळ्याला न दिसणारा. आमच्याकडे या सगळ्याला सरसकट बोकड्या म्हणतात, त्यामुळे कोळ्यावर फुलकिड्याचं औषध आणि फुलकिड्यावर विषाणूचं टॉनिक असा कारभार चालतो. दोन ओळींवर पाण्यात मिसळणारं गंधक ऊन उतरल्यावर फवारलं, शेंडे खुडून पिशवीत बांधून बाहेर नेले.

आता नवा माल घेताना मी टेम्पोतून पिशव्या उतरवू देण्याआधी तीन-चार वेगवेगळ्या पिशव्यांतलं कोकोपीट काढते. एक वाटी कोकोपीट, दीड वाटी आरओचं पाणी, अर्धा तास ठेवून गाळायचं आणि ईसी बघायची. १ च्या वर आली तर माल धुतलेलाच नाही, टेम्पो परत. कमी आली तर त्यावरून फक्त धुतल्याचं कळतं, बफरचं कळत नाही. त्यासाठी त्याच मालाचा नमुना नारायणगावला प्रयोगशाळेत देऊन सोडियम, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम हे चारही आकडे मागवते. अहवाल येईपर्यंत पैसे निम्मेच. या वेळचा पुरवठादार त्यावर थोडा कुरकुरला, पण माल उतरवून गेला.