काका, तिन्ही हंबकर लावून द्या

गणपतीच्या दिवसांत नागपुरातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांना दम घ्यायला वेळ नसतो, त्यामुळे सीताबर्डीत गिटार दुरुस्त करणाऱ्या मलाही नसतो. त्या दुपारी एक पोरगा गिटार घेऊन आला, सोबत त्यांचा कीबोर्डवाला.

"काका, हे तिन्ही सिंगल कॉइल काढा अन् हंबकर लावून द्या. काल एवढी घूं येऊन राहिली होती का साउंडवाल्यानं माझी लाइनच बंद केली. आज रात्री पुन्हा कार्यक्रम आहे."

सिंगल कॉइल आणि हंबकर हे इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपचे, म्हणजे तारांखाली बसून त्यांचा आवाज पकडणाऱ्या भागाचे, दोन प्रकार. लाइन बंद होणं काय असतं ते मला ठाऊक आहे. हात वाजवत राहतात आणि मांडवात काहीच ऐकू जात नाही. त्याचा राग मला पटला, पण मागणी पटेना. विचारलं, "उभा कुठं राहतोस? आणि वाजवतोस काय?"

उभा राहायचा लाइट कमी-जास्त करणाऱ्या डिमरशेजारी, पाठीशी अँप, म्हणजे अँप्लिफायर. वाजवायचा बहुतेक जुनी हिंदी-मराठी गाणी, कॉर्डच्या तारा एकेक करून छेडत, स्वच्छ आवाजात. शेवटची थोडी गाणी डिस्टॉर्शनवर, म्हणजे मुद्दाम फाटलेल्या आवाजात.

सिंगल कॉइल म्हणजे चुंबकाभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. समोरची पोलादी तार हलली की त्यात वीज उमटते. पण तारेचं हलणं कोणतं आणि अँपमधल्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र कोणतं, हे त्या वेढ्यांना कळत नाही. आपल्याकडची वीज 50 हर्ट्‌झची. ती घूं आणि तिच्या पटीतले आवाज दोन्ही आत येतात, डिमर तर त्यांत खरखर ओततो. यावर गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी हंबकर तयार केला, 1955 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. दोन कॉइल शेजारी, एकीचे वेढे उलट आणि चुंबकही उलट. बाहेरची घूं दोन्हींत एकमेकींच्या विरुद्ध येते आणि विरते. तारेच्या आवाजासाठी मात्र दोन्ही गोष्टी उलट झाल्यानं तो जुळून येतो आणि वाढतो. फार सुंदर डोकं आहे ते.

तरीही पोराला म्हटलं, आधी ऐक. माझ्या टेबलावरच्या ट्रान्सफॉर्मरजवळ त्याला गिटार लावून उभं केलं आणि जागच्या जागी हळूहळू फिरायला सांगितलं. एका कोनात घूं अंगावर आली, थोडं वळल्यावर जवळजवळ गेली. त्याचे डोळे मोठे झाले. इतकी वर्षं वाजवतो, पण हे कोणी दाखवलं नव्हतं.

मग दुकानातली हंबकरवाली गिटार त्याच अँपला लावली आणि कीबोर्डवाल्याला व्हायोलिनचा भरीव सूर धरायला सांगितलं. पोरानं तीच कॉर्ड दोन्हींवर छेडली. हंबकरवर आवाज जाड, गोड, आणि कीबोर्डखाली गडप. सिंगल कॉइलवर प्रत्येक तार वेगळी, काचेसारखी वर आली. हंबकर तार दोन ठिकाणी ऐकतो, त्यात वरचे काही बारीक उपस्वर कटतात. शिवाय वेढे जास्त असल्यानं तिखटपणाही खाली उतरतो. सोलोला हे वरदान आहे. पण भरल्या वाद्यमेळात स्वच्छ छेडकामाला माझं मत कायम सिंगल कॉइलच्या बाजूनं राहील.

कीबोर्डवालाच आधी बोलला, "भाऊ, तुझी हीच गिटार बरी आहे."

पिकगार्ड, म्हणजे गिटारच्या दर्शनी बाजूची पट्टी, उघडली. होकायंत्र तिन्ही पिकअपवर धरलं तर सुई तिन्हींवर एकाच बाजूला वळली. म्हणजे मधला पिकअप उलटा नव्हता. तो उलटा असेल तर नेक (गिटारच्या गळ्याकडचा) आणि मधला एकत्र वाजवताना दोघं मिळून हंबकरचं काम करतात, घूं जाते आणि आवाज सिंगल कॉइलचाच राहतो. याच्या पिकअपखाली सिरॅमिकचं चपटं चुंबक चिकटवलेलं होतं. ते जपून सोडवलं, पालथं करून पुन्हा बसवलं, आणि मधल्या पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल केल्या. चुंबक आणि वायरी, दोन्ही गोष्टी केल्या तरच उपयोग; एकच केली तर आवाज बारीक आणि पोकळ होतो. ब्रिजला, म्हणजे तारा अंगावर जिथं अडकतात त्या टोकाला, सिंगल कॉइलच्या मापाचा, दोन पट्ट्यांचा हंबकर बसवला, शेवटच्या गाण्यांसाठी. लाकूड कोरावं लागलं नाही. आतल्या खाचेला तांब्याची पट्टी लावून अर्थला जोडली. तिनं डिमरची खरखर कमी होते, 50 हर्ट्‌झची घूं मात्र तिला रोखता येत नाही, हेही त्याला सांगितलं. मधला आणि ब्रिज एकत्र घेतले तर थोडी घूं राहणार, तेही सांगितलं. आणि डिमरपासून दूर उभं राहायला.

रात्री रेशीमबागेजवळच्या मांडवात मी मुद्दाम मागं उभा राहिलो. लाइट लागले, गायकानं पहिली ओळ घेतली आणि तिच्याखाली गिटारची प्रत्येक तार मोकळी ऐकू आली. साउंडवाल्यानं लाइन बंद केली नाही. दुसऱ्या गाण्याला थोडी वरच केली.

दुसऱ्या दिवशी तो मित्राला घेऊन आला. "काका, याच्या गिटारलाही असंच करून द्या." मित्र मेटल वाजवतो, गेन, म्हणजे डिस्टॉर्शनची मात्रा, पूर्ण वर. त्याला मी म्हटलं, तुझं काम वेगळं आहे, तू ब्रिज आणि नेक दोन्हीकडं हंबकरच घे.