रोजनिशीतली रेघ टिकली, आता पुढच्या वहीचा बेत

अखेर रेघ टिकली! छत्रीच्या नव्या चित्रावर पातळ जलरंगाचे दोन वॉश चढवले, वरून ओला ब्रश मुद्दाम घासला, तरी फाउंटन पेनची काळी रेघ जागची हलली नाही. नवी वही शिवल्यापासून जीव खाणाऱ्या दुखण्याचं मूळ कागदात सापडलं.

मागच्या वेळचं आठवत असेलच. जुन्या चित्र-रोजनिशीत निमूट वागलेली वॉटरप्रूफ शाई या वहीत पाणी लागलं की राखाडी होऊन वाहत होती. पेन तेच, निब तीच, बाटलीही तीच. ‘सुकायला वेळ द्या’ हा तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा सल्ला. रात्रभर ठेवून पाहिलं, फरक शून्य. पेन धुऊन नव्याने भरलं, तरी तेच. आणि कागद तर आधीच्यापेक्षा कितीतरी सरस: १०० टक्के कॉटन, ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम), कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खडबडीत.

खूण मिळाली ती छत्रीच्या पहिल्या चित्रातूनच. दाराशी वाळत ठेवलेली छत्री काढली होती. त्या पानाचा अर्धा भाग आदल्या चित्राच्या पाण्याने भिजून वाळलेला. वॉश दिला तेव्हा कोरड्या भागातल्या काड्या विरघळून गेल्या आणि भिजून वाळलेल्या भागातल्या काड्या जशाच्या तशा राहिल्या. डागाची कड जिथे संपते तिथेच, केसाच्या अंतरावर, रेघ तुटत होती.

मग उलगडलं. माझी शाई पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची नाही. ती कागदातल्या सेल्युलोजच्या तंतूंना धरून बसते, म्हणून पाण्याने निघत नाही. पण जलरंगाच्या चांगल्या कागदावर बऱ्याचदा जिलेटिनचं सायझिंग, म्हणजे शोषण कमी करणारा लेप असतो. रंग आत शोषला न जाता वर राहावा, चमकावा, म्हणून तो चढवलेला असतो. माझ्या शाईची वाट तोच अडवतो; पान आधी भिजलं तिथे तो सैल झाला, म्हणून रेघ टिकली. तंतूंपर्यंत जेवढी शाई पोचते तेवढी पक्की होते, उरलेली जिलेटिनवर नुसती वाळून बसते आणि पहिल्याच वॉशला सुटते. रात्रभर काय, आठवडाभर ठेवली तरी ती खाली उतरणार नाही.

खात्रीसाठी त्याच कागदाच्या उरलेल्या पट्ट्या घेतल्या. एक कोरडी, एक साध्या पाण्याचा हात देऊन वाळवलेली, एक स्पंजने चांगली पुसलेली. कोरडीवर रेघ वाहिली. दुसरीवर टिकली, कडेला किंचित राखाडी सावली आली एवढंच. स्पंजच्या पट्टीवर हलली नाहीच, पण तिथे शाई फुटली. प्रत्येक रेघेला बारीक मुळं. शिवाय त्या पट्टीवर निळा रंग मलूल दिसतो, कारण त्याला वर धरून ठेवणारं सायझिंगच निघून गेलं. तेव्हा स्पंज नको. रुंद मऊ ब्रशने साध्या पाण्याचा एकच हात, आणि पूर्ण वाळल्यावर रेखाटन.

निबचाही यात वाटा आहे. मीडियम निब इतकी शाई ओतते की वर थर साचणारच. एक्स्ट्रा फाइनने तीच शाई कोरड्या पट्टीवरसुद्धा कमी वाहिली. या कामाला बारीक आणि जरा कोरडी चालणारी निबच हवी, हे माझं ठाम मत. कार्बनच्या शाईवर जाता येईल, पण ती फीडमध्ये (निबखालच्या शाईच्या वाटेत) वाळली की पेन साफ करताना नाकीनऊ येतात, आणि माझं पेन कधी कधी तसंच पडून असतं. आयर्न गॉल या लोहयुक्त शाईची रेघ सुंदर काळी होत जाते, पण आम्लधर्मी शाई स्टीलच्या निबेत मुरू द्यायला मन धजत नाही.

कागद विकणाऱ्यांबद्दलही एक तक्रार. जीएसएम सांगतात, कॉटन किती ते सांगतात, पण सायझिंग नुसतं लगद्यात आहे की वरूनही चढवलंय, हे विचारलं की उत्तर नाही. आपल्यासारख्यांना तर तेच आधी हवं असतं.

वही मात्र छान उघडते हं. कॉप्टिक शिवणीमुळे (पाठ उघडी ठेवणारी साखळी-शिवण) जोडपान अगदी सपाट बसतं. चष्मा आणि किल्ल्यांचा जुडगा दोन पानांवर आडवा पसरून काढला, मध्ये शिवणीचा अडथळा नाही. ते पान मी पुन्हापुन्हा उघडून बघते.

आता उरलेल्या पानांना एकेक करून पाण्याचा हात देणार होते. पण हे लिहिता लिहिता सुचलं: नुसतं पाणी कशाला? फिकट रंगाचा पातळ वॉशच द्यावा. कागद भिजून वाळेल आणि पानाला पार्श्वभूमीचा रंगही मिळेल. रोजच्या धावपळीत दोन मिनिटांत काढलेल्या चित्रावर मग पांढऱ्या गुवाशचे (अपारदर्शक जलरंगाचे) दोन ठिपके दिले तरी पुरे. शिवलेल्या वहीत हे केलं तर पानं फुगून शिवण ताणली जाईल, म्हणून या वहीत साधं पाणीच, तेही लागेल तिथेच. पुढच्या वहीचे ताव मात्र घडी घालण्याआधीच रंगवून, टीपकागदात वजनाखाली वाळवून घेईन. कागदाच्या तंतूंची दिशा वहीच्या पाठीला समांतर ठेवायची, हे नेहमीचंच.

गेरू की फिकट राखाडी, एवढंच ठरायचंय. गेरूवर काळी रेघ कुणी चालवली असेल तर सांगा, त्याआधी ताव भिजवत नाही.